अंधारकाकूंचा पल्ला

बॅटऱ्यांच्या कारखान्यात बाईला दिवसभर अंधारात बसावं लागतं, हे ऐकून लोकांना गंमत वाटते. अंधारकाकूंना त्यात गंमत वाटायची बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कारखाना हातातल्या बॅटऱ्यांचा, म्हणजे टॉर्चचा. पुढच्या हॉलमध्ये जोडणी, त्याला लागून पॅकिंग आणि सगळ्यात मागे एक बोळासारखी लांबच लांब खोली. भिंती, छत, फरशी सगळं काळं रंगवलेलं. खोलीच्या एका टोकाला लोखंडी स्टँड, दुसऱ्या टोकाला उजेड मोजायचा मीटर. बॅटरी स्टँडवर अडकवायची, बाजूच्या पडद्याआड बसायचं, बटण दाबायचं आणि टेबलावरच्या छोट्या डबीत आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघायची. हे काकूंचं काम. म्हणून पॅकिंगच्या पोरींनी त्यांना अंधारकाकू हे नाव ठेवलं आणि ते साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

खोलीच्या दारावर पाटी होती : ‘बॅटरी चालू असताना समोर उभे राहू नये.’ मोठ्या बॅटरीचा झोत जवळून डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून. काकू ही पाटी फार मानायच्या. एकदा खुद्द साहेब मीटरच्या बाजूने डोकावले, तर काकू पडद्याआडून ओरडल्या, “कोण आहे ते कार्टं?” साहेब आपले निमूट बाहेर. जेवणाच्या सुट्टीत पोरींनी हा किस्सा इतक्यांदा सांगितला, की शेवटी साहेबच सांगायला लागले.

“काकू, आज किती पौर्णिमा केल्यात?” पॅकिंगची मुख्य बाई रोज विचारायची. सगळे तिला ताई म्हणत. तोंडाने फाटकी, पण मनाने बरी.

“झाल्या आठ-दहा.”

या पौर्णिमांचं कारण असं. बॅटरीच्या खोक्यावर दोन आकडे छापतात, एक उजेडाचा, एक पल्ल्याचा. गिऱ्हाईक उजेडाचा मोठा आकडा बघतं आणि खूश होतं. पण उजेड वेगळा आणि पल्ला वेगळा. नळाला लावलेली नळी नुसती सोडली तर पाणी पायाशी सांडतं. तोंडावर बोट दाबलं की तेच पाणी अंगणाच्या टोकाला जातं. पाणी तेवढंच. तसंच बॅटरीच्या आतली चकचकीत वाटी पसरट असली तर उजेड आसपास सांडतो, खोल असली तर एका रेघेत लांब जातो. आणि पल्ला म्हणून जो आकडा छापतात, तिथपर्यंत काही लखलखाट पोचत नाही. उजेड कमी होत होत पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, त्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे पल्ला. झाड आहे की माणूस, एवढंच कळावं, इतकं.

“म्हणजे लोकांना आपण चांदणं विकतो,” ताई म्हणायची. “आणि तुमचे हे बसलेत टेकडीवर, फुकटचं चांदणं खात. दोघं नवराबायको अंधारातच नोकरी करता की हो. संसार केलात तरी कधी?”

“तुझ्या डोळ्यांदेखत नाही केला एवढं खरं,” काकू म्हणायच्या आणि डबा बंद करायच्या.

काका वनखात्यात होते. गावाबाहेरच्या टेकडीवर टेहळणीचा मनोरा होता. जंगलात कुठे धूर, जाळ दिसतो का हे दुर्बिणीतून बघायचं आणि दिसला की खाली कळवायचं. तिथे रात्री दिवा लावायचा नाही. आपल्याजवळ उजेड असला की लांबचं दिसत नाही. काका पंधरा दिवस वर राहायचे, दोन दिवस घरी यायचे. पुन्हा वर. मुलगी लहान होती तेव्हापासून हेच. आता मुलगी लग्न होऊन गेली होती आणि घरात काकू आणि सासूबाई दोघीच होत्या.

सुरुवातीला एकदा काकूंनी विचारलं होतं, “किती वर्षं वर काढणार आहात?”

काकांनी उलट विचारलं, “का? तुला अडचण होते का?”

“मला कसली अडचण!” काकू म्हणाल्या होत्या. तेव्हा त्या तरुण होत्या, आणि नवऱ्याला आपण हवेसे वाटलो तर तो आपणहून खाली येईल, असा त्यांचा हिशेब होता. काकांनी ते वाक्य तसंच्या तसं खरं मानलं, की सोयीने घेतलं, कोण जाणे. पण मग पुन्हा तो विषय निघाला नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. हे मिटायला काही नव्हतंच.

फोन होता. रोज सकाळी यायचा.

“आईची गोळी?”

“दिली.”

“सिलिंडर?”

“उद्या येईल.”

“बरं. ठेवतो.”

इतकी वर्षं रोज बोलून दोघांनी एकमेकांना काय सांगितलं, याचा कुणी हिशेब मांडला असता तर गोळ्या आणि सिलिंडर यापलीकडे फारसं काही हाती लागलं नसतं.

त्यांची जागा वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांची. डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची पांढरी टाकी. टाकीतला तरंगता गोळा कायमचा बिघडलेला. काका आले की दुरुस्त करायचे, ते गेले की तो पुन्हा रुसायचा. त्यामुळे दिवेलागणीला मोटर लावून काकूंना वर जाऊन उभं राहावं लागे, पाणी काठाला आलं की खाली येऊन बंद करायला. हातात एक छोटी बॅटरी. ती त्यांच्याच कारखान्यातली, वाटीला डाग पडला म्हणून नापास झालेली. तिचा उजेड पुढे जायचाच नाही, धरणाऱ्याच्या भोवती सांडून राहायचा. टाकीत बघायला तेवढा पुरे.

पाणी चढेपर्यंत काकू टाकीला टेकून टेकडीकडे बघायच्या. उरलेल्या उजेडात मनोरा काडीएवढा दिसे, मग तोही बुजून जाई. दिवा नाही, काही नाही. तिथे एक माणूस बसलेला आहे आणि तो आपला नवरा आहे, हे केवळ माहीत असायचं. कधी कधी काकूंना वाटायचं, आत्ता त्याने काय घातलं असेल, स्वेटर काढला असेल का पेटीतून? चहा झाला असेल का? पंधरा दिवसांनी तो समोर येऊन बसला, की हे प्रश्न विचारायचे नसतात, कारण त्यांची उत्तरं फुटकळ असतात. ते फक्त लांबून पडतात.

“अगं, वाहून चाललं पाणी!” खालून सासूबाई ओरडायच्या. त्यांचे गुडघे गेले होते, कान नव्हते गेले.

त्या खेपेला काका जेवता जेवता म्हणाले, “मनोऱ्यावर कॅमेरे बसणार म्हणे.”

“मग तुम्ही?” काकूंच्या हातातला डाव भांड्यावर तसाच राहिला.

“दोन जागा आहेत. एक खाली, पायथ्याच्या रोपवाटिकेत. घरून सायकलने जाता येईल. दुसरी आतल्या जंगलातली चौकी. बसने दिवस जातो तिथे पोचायला. तीन महिन्यांनी घरी यायचं.” त्यांनी भात कालवला. “आमच्या साहेबांनी विचारलंय, कुठली हवी. पुढच्या खेपेपर्यंत सांगायचंय.”

“मग?”

“बघू. तुला काय वाटतं?”

काकूंना काय वाटत होतं ते त्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं. पण या माणसाला पायथ्याची जागा हवी असती तर त्याने ‘दोन जागा आहेत’ अशी सुरुवातच केली नसती, हेही त्यांना तितकंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, “मला काय वाटायचंय. तुम्हाला बरं पडेल ते करा.”

“तुला बरं पडेल तेच मी म्हणतोय.”

“तेच मी पण म्हणते.”

सासूबाईंनी वाटी खाली आपटली. “दोघं एकमेकांना असा मान देता की जसे काही व्याहीच! मला तरी वाढ कुणीतरी.”

काका वर गेले. काकू कामावर गेल्या. आणि त्याच आठवड्यात ‘बगळा’ आला.

खोक्यावर छापायचं नाव वेगळं होतं, पण पॅकिंगच्या पोरी प्रत्येक नव्या बॅटरीचं बारसं स्वतःच करायच्या. आधीची ‘भोपळा’ होती. गुबगुबीत, पसरट वाटीची. बटण दाबलं की अख्खं मैदान उजळायचं, पण मैदानाच्या कुंपणापाशी जीव संपायचा. नवी लांब मानेची, खोल वाटीची. तिचा एकूण उजेड भोपळ्याच्या निम्मासुद्धा नव्हता. पण काकूंनी ती स्टँडवर चढवली आणि मीटरचा आकडा इतका वर गेला, की त्यांनी मीटर बिघडला समजून पुन्हा लावून बघितला. पल्ला दीड किलोमीटरच्या आसपास. इतका लांब झोत त्या खोलीतून कधीच निघाला नव्हता.

नवीन मॉडेल खोलीत मोजलं की बाहेरही मारून बघायचं, अशी तिथली पद्धत होती. काकूंनी बगळा घरी नेला. दिवेलागणीला गच्चीवर गेल्या आणि टेकडीकडे रोखून बटण दाबलं. हवेत एक पांढरी रेघ उमटली. समोरच्या इमारतींच्या डोक्यांवरून, शाळेच्या मैदानावरून, खडीच्या खाणीवरून निघाली आणि पुढे कुठेतरी पातळ होत विरली.

काकूंच्या मनात जे आलं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर ताई वर्षभर हसली असती. त्यांना त्या माणसाच्या अंगावर आपला उजेड पाडायचा होता. फार नाही, चांदण्याइतका. त्याच्या खांद्यावर, त्या जुन्या स्वेटरवर. मग तो मान वर करील, गच्चीकडे बघेल आणि त्याला कळेल, की कुणीतरी बोलावतंय. फोनवर जे तोंडातून निघत नव्हतं ते असं पाठवता येईल, असं त्यांना वाटलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला असं वाटू नये, असा काही नियम नाही.

पण त्यांना आकडे येत होते, हीच अडचण. टेकडी सरळ रेषेत साडेतीन किलोमीटर. बगळ्याचं चांदणं अर्ध्या वाटेच्या आतच, खाणीपाशी संपतं. पल्ला दुप्पट हवा तर झोताचा जोर चौपट लागतो. मग टेकडीला किती? त्यांनी डिझाइनच्या माणसाला गाठलं.

“याहून लांबची निघेल का हो? याच्या दुपटीहून थोडी जास्त?”

“काकू, कुणाला शोधायचंय?”

“कुणाला नाही. सहज.”

“मग ट्रकचे दिवे घ्या डोक्यावर. हातात धरायची नाही निघणार.”

तरीही काकू रोज गच्चीवर जात राहिल्या. खोलीत आकडा पडला म्हणजे तोच शेवटचा असं नसतं. हवा स्वच्छ असली तर थोडा पुढे जातो. कधी बगळा, कधी भोपळा, कधी दोन्ही. बगळ्याची वाटी पुसून, सेल पूर्ण भरून, हात कठड्यावर टेकवून स्थिर करून. छोटी बॅटरी खिळ्याला लटकत राहिली. टाकी दोनदा वाहिली. दुसऱ्यांदा खालच्या मजल्यावरचे आजोबा छत्री उघडून दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पाऊस थांबेपर्यंत बसू का?”

“तुझं चाललंय काय?” सासूबाईंनी विचारलं.

“कंपनीचं काम आहे.”

“कंपनी पगार देते की टेकडी?”

रोज रात्री अंथरुणावर पडून काकू एकच हिशेब करायच्या : आज खाणीच्या पुढे गेला का? आणि रोज सकाळी फोन यायचा. आईची गोळी? दिली. तुम्हाला काल काही दिसलं का, असं विचारणं जिभेवर यायचं. पण दिसणार कसं? चांदणंसुद्धा पोचत नाही तिथे. उगाच विचारायचं, आणि तो म्हणायचा, काय दिसायला हवं होतं? मग काय सांगायचं?

पंधरवडा संपला. काका आले. आंघोळ केली, मोरीतला गळका नळ पिळून बघितला, आईच्या पायाला तेल लावून दिलं. संध्याकाळी तिघं चहाला बसले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अरे, तुझी बायको रोज गच्चीवर उभी राहून तुझ्या टेकडीवर बॅटऱ्या मारते. वाघ शोधतेय की काय, विचार जरा.”

“आई, कामाचं होतं ते,” काकू म्हणाल्या. कान गरम झाले त्यांचे.

“दिसली ना,” काका म्हणाले.

“काय दिसली?”

“मोठी बॅटरी. एकदा तर डोळ्यांतच गेली. दुर्बीण लावलेली होती, आंधळा झालो घटकाभर.”

काकूंनी कप खाली ठेवला. “कशी दिसेल? तिचा उजेड तुमच्यापर्यंत येतच नाही. खाणीपर्यंत जेमतेम जातो.”

“उजेड येत नसेल माझ्यावर. पण बॅटरी दिसते की! अगं, इथून तिकडच्या डोंगरातली एवढीशी चूल दिसते मला, तेच तर काम आहे माझं.”

हे कुठल्याही लहान पोराला कळलं असतं. चांदणी आपल्या अंगावर उजेड पाडत नाही, तरी दिसते. पण काकूंचं अर्धं आयुष्य त्या काळ्या खोलीत गेलं होतं, जिथे झोत कुठवर पडतो एवढंच मोजायचं असतं, आणि जळत्या बॅटरीच्या समोर कुणीही, कधीही उभं राहायचं नसतं. आपली बॅटरी समोरून, लांबून कशी दिसते, हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

मग त्यांच्या दुसरीच गोष्ट लक्षात आली. “पण दुर्बीण इकडे कशाला लावली होती? जंगल तर तिकडे आहे.”

काकांनी बशी पुसल्यासारखी केली. “असंच. दिवेलागणीला एकदा इकडे बघतो.”

“रोज?”

“तू टाकी बघायला येतेस ना. ती छोटी बॅटरी असते तुझ्या हातात. टाकी पांढरी आहे, त्यामुळे बरं दिसतं. टाकीचं झाकण, त्यावर वाकलेली तू. चेहरा नाही कळत. पण डोक्याला पंचा बांधलाय का, काल तोच रंग होता का, एवढं कळतं. तू खाली गेलीस की मी चहा ठेवतो.”

सासूबाई एरवी अशा जागी काहीतरी बोलल्या असत्या. त्या उठल्या आणि गुडघे धरत आत टीव्हीपुढे जाऊन बसल्या.

“आणि हे मला कधी सांगितलं नाहीत?” काकूंचा आवाज चढला होता. राग आला होता म्हणावं, तर डोळे भरले होते.

“काय सांगायचं? तू पाणी बघताना दिसलीस म्हणून? तू म्हणाली असतीस, वेड लागलंय.”

“म्हणाले असते.”

“मग.”

आतून टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. तिकडे बसलेल्या माणसाला टीव्ही नको होता, हे उघड होतं.

“या खेपेला मात्र दिसली नाहीस,” काका म्हणाले. “सुरुवातीचे एक-दोन दिवस फक्त. मग ती छोटी बॅटरी बंदच झाली. नुसता तो मोठा झगझगाट. त्याच्यामागे कोण उभं आहे, काही कळेना. डोळ्यांत गेल्यावर मी दुर्बीणच लावायची सोडली. म्हटलं, नवीन काम आलेलं दिसतंय, कामात आहे ती. चांगलं चाललंय तिचं.”

काकूंना पुढचं वाक्य ऐकू यायच्या आधीच कळलं.

“साहेबांचा परवा फोन आला होता. त्यांना सांगून टाकलं मी. आतली चौकी.”

पंधरा दिवस काकूंनी या माणसाला हाका मारल्या होत्या, आणि प्रत्येक हाकेने त्याच्या नजरेसमोरून स्वतःलाच पुसलं होतं. रोजच्यासारखी नापास बॅटरी घेऊन टाकीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तरी चाललं असतं.

“विचारायचं तरी ना मला!”

“विचारलं होतं की. तू म्हणालीस, तुम्हाला बरं पडेल ते. आणि मागेही म्हणाली होतीस, मला कसली अडचण. मला वाटलं, इतक्या वर्षांची तुझी घडी बसलीय. मी येऊन रोज पुढ्यात बसलो तर तुलाच जड जाईल.”

“मला हवेत तुम्ही घरी,” काकू म्हणाल्या.

वाक्य अगदी छोटं होतं. म्हणून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्या, आणि मग एकदा म्हटलंच आहे तर पुरतं म्हणून घ्यावं तसं म्हणाल्या, “नळ गळला नाही तरी हवेत. टाकी वाहिली नाही तरी. मी त्या बॅटऱ्या कंपनीसाठी नव्हते मारत.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. दुर्बिणीतून इतकी वर्षं बघितलेल्या माणसाला जवळून बघताना जरा अडखळायला होतं, तसं. “उद्या सकाळी जाऊ साहेबांकडे,” ते म्हणाले. “तूही चल.”

सकाळी दोघं गेले. काकूंनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली; काळी खोली उघडल्यापासून बहुधा पहिलीच. साहेब भला माणूस होता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, काकूंकडे बघून हसला आणि म्हणाला, “अहो, पण रोपवाटिकेत काल माणूस दिला मी. पाठ गेलीय बिचाऱ्याची, डोंगर चढवत नाही. तुम्हीच नको म्हणालात ना परवा?”

“हो,” काका म्हणाले.

“वर्षभर तरी आता काही करता येणार नाही. पुढच्या बदल्यांत नक्की बघतो.”

“नक्की?” काकूंनी विचारलं. काकांनी इतक्या वर्षांत साहेबाला असं उलट विचारलं नसेल.

“नक्की, वहिनी. मी लक्षात ठेवतो.”

बाहेर आले. ऊन चढलं होतं. रस्त्याकडेच्या टपरीवर काकांनी दोन चहा सांगितले. बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा ठेवून, जशी सवय होती तशी. टेकडी इथूनही दिसत होती. दिवसाउजेडी ती अगदीच जवळची वाटत होती.

“आतल्या चौकीवरून काय दिसतं?” काकूंनी विचारलं.

“झाडं. चहूबाजूंनी झाडंच. गाव नाही दिसत कुठलं.”

“फोन?”

“एक दगड आहे म्हणे. त्याच्यावर उभं राहिलं तर लागतो.”

काकूंनी चहा संपवला. कप खाली ठेवला आणि मधल्या रिकाम्या जागेवर आपली पर्स ठेवणार होत्या, त्याऐवजी स्वतःच तिकडे सरकल्या.

“मी येईन तिकडे,” त्या म्हणाल्या. “तीन महिने नाही थांबणार मी. महिन्याला येईन. रजा पुष्कळ साठलीय माझी.”

“आईचं काय?”

“न जाणो, म्हणून सकाळीच विचारून ठेवलं. त्या म्हणाल्या, मी काय तान्ही आहे? ताई येईल झोपायला दोन रात्री. दोघी मिळून मला नावं ठेवतील, वेळ बरा जाईल त्यांचा.”

काकांनी मान हलवली. मग काळजीने म्हणाले, “पण तिथे काही सोय नाही गं. एक खोली आहे. खाट एकच. जळवा असतात. मोरी बाहेर आहे आणि मोरीला दारच नाही, नुसतं पोतं लावलंय.”

“मग दार लावून घ्या.”

“लावून घेतो.”

“मी पोत्याआड आंघोळ करायची नाही.”

“नाही, नाही. लावतो म्हटलं ना. फळ्या आहेत तिथे.” ते विचारात पडले. हाताने हवेत दाराची उंची मोजल्यासारखं केलं, मग रुंदी. त्यांचा खांदा काकूंच्या खांद्याला लागला होता आणि दोघांपैकी कुणीच तो हलवला नाही. चहावाला कप उचलून घेऊन गेला.

“कडी?” काकांनी विचारलं.

“आतून,” काकू म्हणाल्या. “आणि जरा उंचावर. माझी मापं माहीत आहेत ना तुम्हाला?”